‘बघतो’ म्हणणाऱ्यांचा वाटा

“बघतो म्हणजे नाय. हो का नाय, एवढंच सांग.”

शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन यायचा. उद्या येतोस ना, असं ते विचारायचे आणि समोरून ‘बघतो’ आलं की हे वाक्य ठरलेलं. ‘नाही’ म्हटलं तर त्यांना राग यायचा नाही. “बरं झालं सांगितलंस,” म्हणून फोन ठेवायचे. ‘बघतो’ मात्र त्यांना अजिबात खपायचं नाही.

शहरातल्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना महिन्यातून एका रविवारी सकाळी एकत्र जमवायचं, हा काकांनी आपणहून अंगावर घेतलेला उद्योग. सगळे त्याला मीटअप म्हणायचे. सिडकोतल्या एका क्लासची खोली रविवारी रिकामी असायची, ती त्यांनी मालकाला गोड बोलून मिळवली होती. स्वतः ते वाळूजच्या एका कारखान्यात पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळायचे. पन्नाशी उलटलेली, खिशात पेनड्राइव्ह आणि बडीशेपेची पुडी. आम्ही बहुतेक जण खोलीत एकटे बसून पुण्याच्या कंपन्यांचं काम करणारे. कोणी त्यांना ‘सर’ म्हटलं की म्हणायचे, “सर कारखान्यात ठिवून आलोय. इथं काका म्हण.”

एवढ्या फोनांची काय गरज, असं तुम्हालाही वाटेल. नाव नोंदवायला वेबसाइट असते, तिथे ‘येणार’ असं बटण असतं. पहिल्या खेपेला काकांनी त्या बटणावर विश्वास ठेवला होता. काकूंनी हर्सूलच्या घरी पातेलंभर सुशीला केला. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे आणि वरून दाण्याचं कूट घालायचं, असा हा आमच्याकडचा नाश्ता. खोलीत आले तिघं. उरलेला सुशीला गल्लीभर वाटूनही संपेना. “सगळ्यांनी बोट हलवलं, पाय कुणीच हलवला नाय,” काका सांगायचे आणि स्वतःच हसायचे. तेव्हापासून नियम झाला. काकूंचं माप माणसामागे दोन ओंजळी मुरमुऱ्यांचं, आणि ते फक्त ‘हो’ म्हणणाऱ्यांसाठी.

मी देवगाव रंगारीची. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडायची. काकांनी मला एकदा बोलायला उभं राहायला सांगितलं, तेव्हा मीही ‘बघते’ म्हणून पाहिलं.

“नाय म्हण, चालंल मला,” काका शांतपणे म्हणाले. “पण बघते म्हणलीस तर रात्रभर तूच तुला फसवत बसशील.”

मी ‘हो’ म्हटलं. न जमलेलं काम सांगायचं, जमलेलं नाही, असा त्यांचा आग्रह असे. मी माझ्या एका चुकीमुळे गिऱ्हाइकांना एकच मेसेज कसा पुन्हा पुन्हा जात राहिला ते सांगितलं. लोक पोट धरून हसले आणि त्या हसण्यात माझी भीती कुठे गेली ते कळलंच नाही. पहिल्या रांगेत काका ताटली मांडीवर घेऊन बसले होते. माझं संपेपर्यंत त्यांनी घास घेतला नव्हता.

सोयगावचा एक जण होता, कधी न चुकणारा. एका रविवारी ‘हो’ म्हणून तो आला नाही, फोनही उचलेना. मीटअप संपल्यावर काकांनी त्याच्या वाटणीचा सुशीला डब्यात भरला आणि मला बरोबर घेऊन त्याच्या खोलीवर गेले. दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. कंपनीने त्याला काढलं होतं आणि ते सगळ्यांसमोर कसं सांगावं, हे त्याला कळत नव्हतं.

“नोकरीचं मागून बघू,” काका म्हणाले. “तू हो म्हणला होतास. हा तुझा वाटा हाय.”

तो खाता खाता रडला. काका खिडकीबाहेर बघत बडीशेप चघळत राहिले. पुढच्या खेपेला तो आला आणि नोकरी कशी गेली, यावरच बोलला. त्या खोलीतल्याच एकाने त्याला काम मिळवून दिलं. मीटअप कधीही रद्द करायचं नाही, हा काकांचा हट्ट मला तेव्हा समजला.

मग काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं. ते दवाखान्यात होते आणि रविवार तोंडावर आला. या वेळी पुढे ढकलू, असं सगळ्यांचं मत पडलं. मी काकूंच्या फोनवर काकांना विचारलं.

“ढकलायचं नाय,” आवाज खोल गेलेला, पण हुकूम तोच. “एकदा ढकललं की लोकांचे पाय मोडतेत.”

“मग उद्या तुम्ही येणार ना, काका?” सवयीने माझ्या तोंडून गेलं.

“बघतो,” ते म्हणाले.

त्यांचं ते ठरलेलं वाक्य मला त्यांना ऐकवता आलं नाही.

रविवारी सकाळी सुशीला मी केला. काकूंच्या मापाने ओंजळी मोजल्या आणि शेवटी आणखी दोन टाकल्या. मीटअप वेळेवर सुरू झालं. संपल्यावर तो वाटा घेऊन मी आणि सोयगावचा तो, आम्ही दवाखान्यात गेलो. काकांना खायची परवानगी नव्हती. त्यांनी डबा उघडून नुसता वास घेतला.

“मी तर बघतो म्हणलो होतो,” ते म्हणाले. “माझं माप कसं काय धरलंस?”

त्यांनी डबा दोन्ही हातांत धरून ठेवला, थंड होईपर्यंत.

त्याच आठवड्यात काका गेले.

आता शनिवारचे फोन मी करते. ‘बघतो’ म्हणणारे अजून आहेत आणि मी त्यांचंही माप धरते. त्यामुळे दर वेळी सुशीला उरतो. काका असते तर मला चांगलंच झापलं असतं. त्यांनी एकदा यावं आणि झापावं, असं मला फार वाटतं.