दोन्ही हातांचा नमस्कार

मेधा करमरकरला पोहता येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तरी तिला कॅप्टन व्हायचं होतं. पन्नाशी उलटलेली, आठवडाभर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी, वेरिबी नावाच्या उपनगरातल्या मराठी मंडळींत साबुदाणा वडे तळायला हमखास बोलावली जाणारी ही बाई शनिवार उजाडला की लाइफ जॅकेट चढवून पॉइंट कुकजवळच्या एका सेलिंग क्लबात हजर व्हायची. नवरा श्रीनाथ तिचा खलाशी. किनारा हाकेच्या अंतरावर असतानाच त्याला बोट लागायची. मग तो आलेपाक चघळत बसायचा.

क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक बार. पण थाट असा की विचारू नका. अध्यक्षाला अध्यक्ष म्हणायचं नाही, कमोडोर म्हणायचं. हा कमोडोर ग्रॅहम जन्मभर बाथरूमच्या टाइल्स विकून निवृत्त झालेला. आरमाराशी त्याचा संबंध कोटाच्या सोनेरी बटणांपुरता. शेडमधल्या जमिनीला ‘डेक’ म्हणायचं, संडासाला ‘हेड्स’. शिट्टी वाजवायची नाही, कारण जुन्या जहाजांवर शिट्टीने वादळ येतं अशी समजूत होती. मेधाला याचं हसू यायचं आणि, खोटं कशाला बोला, भुरळही पडायची.

“अरे, हा देशच बोटीतून उतरलाय,” ती श्रीनाथला ऐकवायची. “सिडनीचे पहिले चारही गव्हर्नर नेव्हीचे कॅप्टन होते.”

“इथे आधीपासून माणसं होती, मेधा.”

“होती ना! पण त्यांना विचारतो कोण? तोफा यांच्याकडे. आणि आपलं काय वेगळं? रेल्वे, कोर्ट, इंग्लिश मीडियम, सगळं बोटीतूनच आलं. समुद्र ज्याच्या हातात, त्याची भाषा आपल्या तोंडात!”

हंगामाच्या पहिल्या दिवशी क्लबात मानवंदना असायची. हीसुद्धा इंग्रजांच्या आरमाराची देणगी. कमोडोर आपली बोट नांगरून पांढऱ्या कडक इस्त्रीत उभा राहायचा आणि बाकीच्या बोटी एकेक करून त्याच्यासमोरून जायच्या. कॅप्टनने एका हाताने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने टोपी काढायची. यंदा क्लबच्या एका बोटीच्या सुकाणूवर पहिल्यांदाच मेधा होती. मानवंदना नीट पार पडली की स्वतःच्या जबाबदारीवर बोट बाहेर काढायचा परवाना तिला मिळणार होता. त्यासाठी तिने कित्येक शनिवार दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढल्या होत्या. आता ती स्वयंपाकघरात डाव्या हातात लाटणं धरून उजव्या हाताने टोपी काढायचा सराव करत होती. भाजी दोनदा करपली.

मानवंदनेच्या दिवशी बोट झकास निघाली. समोर ग्रॅहम ताठ उभा, आणि त्याच्या शेजारी खुर्चीत शाल पांघरलेली त्याची नव्वदीची आई. म्हातारीने मेधाकडे बघून हसून मान डोलावली. झालं! एवढी वडीलधारी बाई आपणहून हसली म्हटल्यावर टोपी कसली काढताय? मेधाच्या हातातून सुकाणू सुटलं आणि दोन्ही हात छातीशी जुळले. बायको नमस्कार करतेय हे बघून श्रीनाथनेही शिडाची दोरी सोडली आणि भक्तिभावाने हात जोडले. मोकाट सुटलेली बोट गर्रकन वळली आणि कमोडोरच्या बोटीच्या मागच्या अंगाला जाऊन धडकली. तिथला, कोपऱ्यात युनियन जॅक असलेला झेंडा काठीसकट पाण्यात! फ्रेंचांना जमलं नाही, स्पॅनिशांना जमलं नाही, ते मेधाने एका नमस्कारात करून दाखवलं. म्हातारी टाळ्या पिटत होती.

दुपारी चौकशी समिती बसली, म्हणजे ग्रॅहम आणि बारवरचे दोघं. ग्रॅहम माणूस वाईट नव्हता. त्याने मेधाला वाट काढून दिली.

“हे बघ मेधा, तुझ्या खलाशाने दोरी सोडली म्हणून बोट वळली, असंच लिहितो. त्याला एक हंगाम बाहेर बसवू. परवाना तुला आजच देतो. नो वरीज, मेट.”

“अगं, हो म्हण ना!” श्रीनाथ मराठीत कुजबुजला. “मला बाहेर बसवलं तर मी पेढे वाटीन.”

‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. परवाना तिला हवाच होता, लहान मुलाला जत्रेतलं खेळणं हवं असतं तसा. पण मेधाचे वडील मुंबईच्या एका गोदीत जहाजांच्या दोऱ्या बांधायचे. एकदा एका साहेबाने जहाज धक्क्याला घासलं आणि ठपका आला वडिलांवर. साहेब इंग्रज नव्हता. इंग्रज जाऊन जमाना झाला होता, टोपी तेवढी मागे राहिली होती. त्यानंतर कितीतरी दिवस वडील अर्ध्या ताटावरून उठायचे. त्या साहेबाचा मेधाला अजून संताप येतो.

“आधी माझे हात सुटले,” ती ग्रॅहमला म्हणाली. “याने माझं बघून दोरी सोडली. कॅप्टन मी होते.”

ग्रॅहमने कोटाचं बटण फिरवलं. मग म्हणाला, “असं असेल तर पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागेल.”

“थांबेन.”

गाडीत बसल्यावर मात्र ती ढसाढसा रडली. श्रीनाथ गाडी चालवत होता.

“वेडी आहेस तू. ढकलायचं ना माझ्यावर! मला काय फरक पडणार होता?”

“परवाना मिळाला असता रे,” ती नाक पुसत म्हणाली. “पण मग माझ्या बोटीत बसलं कोण असतं?”

“मीच बसलो असतो. दुसरं कोण बसतंय?” सिग्नल लागला, तशी त्याने गाडी थांबवली. “पण तू ‘दोरी ओढ’ म्हणालीस की मी आधी विचार केला असता, चूक झाली तर कोणाच्या नावावर जाणार.”