टिकलीआडचा दिवा

आमचे साडू या जगात राहतात याचा एकही पुरावा इंटरनेटवर सापडणार नाही, आणि त्यांचा एखादा तरी किस्सा ज्याला ठाऊक नाही असा माणूस नागावात सापडणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. उभी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, आता नारळ-सुपारीची वाडी बघतात. आपली माहिती आपल्याच कुंपणाच्या आत राहिली पाहिजे, या एका गोष्टीसाठी हा माणूस जेवढे कष्ट घेतो तेवढे वाडीसाठी घेतले असते तर उत्पन्न दुप्पट झालं असतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांचं म्हणणं असं, "साडूभाऊ, माहिती म्हणजे घरच्या विहिरीचं पाणी. तहानेल्याने मागावं, आपण तांब्या भरून देऊ. पण रात्रीतून पाइप टाकून ओढायचं नाही."

एकदा आम्ही दोघं अलिबागला छत्री घ्यायला गेलो. बिल करणाऱ्या मुलीने सवयीने विचारलं, "काका, मोबाइल नंबर?"

"छत्री नीट उघडते ना, हे विचारायला फोन करणार आहात का?"

"तसं नाही काका, सिस्टिममध्ये टाकावाच लागतो."

"मग सिस्टिमला सांगा, गिऱ्हाईक भिजत घरी गेलं."

आणि ते खरोखरच भर पावसात बाहेर पडले. मी माझा नंबर देऊन छत्री घेतली आणि धावत त्यांना गाठलं, तर हे छत्रीखाली अर्धेच आले. म्हणाले, "तुमच्या नावावरची आहे, मला कशाला?" त्या दुकानाचे सेलचे निरोप मला अजून येतात.

कॅमेऱ्यांवर त्यांचा विशेष राग. घरातल्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या डोळ्यावर ताईंची टिकली चिकटवलेली असते. लॅपटॉपला मरून, टॅबला काळी. जेवणाच्या वेळी मी फोन ताटाशेजारी ठेवला, तर वाढायला उठलेले साडू जाता जाता त्यालाही टिकली लावून जातात. मग मी दोन दिवस बायकोचे फोटो काढतो आणि ते सगळे तांबडे येतात. ताईंचं टिकल्यांचं पाकीट महिन्यात संपतं. "सवाष्ण मी आहे की तुमची यंत्रं?" असं त्या विचारतात, पण पुढच्या बाजारात दोन पाकिटं आणतात. शेजारच्या तरुणाने वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि कोपऱ्यावर कॅमेरा लावला. त्यात आमच्या साडूंची विहीर दिसायची. ते भांडले नाहीत. त्यांनी आपल्या हद्दीत, बरोबर कॅमेऱ्यासमोर, केळ लावली. वर्षभरात शेजारी कुंपणाशी आला.

"काका, क्यामेऱ्यात पानांशिवाय काय दिसत न्हाय!"

"केळफूल दिसत नाही अजून? थांब थोडा, येईल."

पुढे केळफूल आलं, घडही आला, आणि त्यातली एक फणी शेजाऱ्याला पोहोचती झाली.

असा माणूस टीव्हीवर काय बघणार? जी दुकानं घरबसल्या सिनेमे दाखवतात, ती आपण काय बघतो, कुठे थांबतो, कुठे पुढे पळवतो, हे सगळं टिपून ठेवतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि त्याच दिवशी ठरवलं की आपलं थेटर आपणच काढायचं. मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर, त्याला दोन डिस्क, आणि हे सगळं ताईंच्या लोणच्या-पापडांच्या कपाटात खालच्या फळीवर. याला घरात सगळे 'पेटी' म्हणतात. पावसाळ्यात दमट हवेने गंजू नये म्हणून शेजारी पिवळा बल्ब जळतो, उन्हाळ्यात तापू नये म्हणून पंखा फिरतो. घरी जमलेल्या कॅसेटी, पैसे देऊन घेतलेल्या सीडी, देवळातली कीर्तनं, गावची भजनं, मुंजी, बारशी, सगळं त्यांनी वर्षभर बसून पेटीत उतरवलं. आता घरचं कोणीही, कुठूनही, आपल्या फोनवर किंवा टीव्हीवर ते बघू शकतं. एकदा मी त्यांची वीजबिलं समोर घेतली आणि बाजारातली वर्गणी यापेक्षा स्वस्त पडते हे मांडून दाखवलं. त्यांनी माझी बेरीज तपासली, बरोबर आहे म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात तिसरी डिस्क घेतली.

पेटीत कोणाचंही खरं नाव नाही. ज्याला त्याला वाडीतलं एक झाड वाटून दिलेलं आहे. मी अंगाने काटकुळा म्हणून शेवगा. सासूबाई पेणला आमच्याकडे असतात, त्यांच्या वाट्याला फणस आला, आणि त्यावरून त्या जावयाशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. शेवटी त्यांना रायआवळा करून तह झाला. दारातला सोनचाफा साडूंनी आपल्या लेकीसाठी ठेवला. ती नवऱ्याबरोबर जर्मनीत असते.

मात्र कोणतं झाड काय बघतं, हे पेटीला सांगता येत नाही. ती सोय त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकली. मला आकड्यांची आवड. मी सुचवलं, कोण काय बघतं याचा तक्ता निघाला तर जे कोणीच बघत नाही ते काढून टाकता येईल. ते एकदम गंभीर झाले. "नोकरीला लागलो तेव्हा कॉल हाताने जोडायचो, साडूभाऊ. लाइन लागली का बघायला कान लावावा लागायचा. कोणाची मुलगी बघायला आले, कोणाचं मोडलं, सगळं माझ्या कानात. संध्याकाळी तीच माणसं बाजारात भेटायची. मला खाली बघावं लागायचं." मग म्हणाले, "दार उघडं ठेवलंय, ज्याला यायचं त्याने यावं. उंबऱ्यावर बसून डोकी मोजायची नाहीत."

हे तत्त्व त्यांना महाग पडणार होतं, ते लेकीच्या बाबतीत. तिचं लग्न वाडीतच झालं. मांडवाच्या तोंडाशी साडू स्वतः सुपारीची टोपली घेऊन उभे. येणाऱ्या प्रत्येकाने आपला फोन टोपलीत टाकायचा आणि जाताना घेऊन जायचा. "माझ्या मुलीचं लग्न आहे, जत्रा नाही," असं ते वरपक्षालाही म्हणाले. नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंनी फोन कमरेला खोचला होता, तोही त्यांनी हात पुढे करून मागून घेतला. चित्रण केलं ते यांनीच, एका कॅमेऱ्याने, आणि ते गेलं पेटीत. लेक बोहल्यावर हसत होती, पण पाठवणीच्या वेळी वडिलांना म्हणाली, "बाबा, माझ्या एकाही मैत्रिणीकडे माझ्या लग्नाचा फोटो नाही. सासरी पहिल्याच दिवशी मला मान खाली घालायला लावलीत." त्यानंतर ती आईशी रोज बोलते. वडिलांपर्यंत फक्त 'बरे आहेत ना?' एवढं पोहोचतं. सोनचाफ्याचा परवलीचा शब्द त्यांनी ताईंकरवी तिला कळवला. तिने तो कधी वापरला की नाही, हे ताईंना माहीत असलं तरी त्या सांगत नाहीत. "मी काय मधली पोस्टमन आहे? तुमचं तुम्ही बघा!"

आणि बघायचं तर यांच्या तत्त्वात बसत नाही. एक बटण दाबलं की कळलं असतं. ते बटण त्यांनी दाबलं नाही, हे मी खात्रीने सांगतो, कारण ते दाबून देतो असं मीच दोनदा म्हटलं होतं. पेटीला एक बारीक हिरवा दिवा आहे. कोणी कुठेही काही बघत असलं की तो उघडझाप करतो. कोण, ते कळत नाही. साडू दुपारी जेवण झालं की अडकित्ता घेऊन कपाटासमोर पाटावर बसायचे. सुपारी कातरायला तिथे उजेड चांगला येतो, असं म्हणायचे. कपाट असलेल्या त्या कोपऱ्यात दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. ताई जाता जाता म्हणायच्या, "नैवेद्य आणू का?"

गेल्या आषाढात मी रजा काढून त्यांच्याकडे राहिलो होतो. पोचलो त्याच दिवशी वीज गेली, आली, आणि त्या झटक्यात पेटीचा अडॅप्टर जळाला. पाऊस तुफान. घरचा जुना टेलिफोन वाजायला लागला. सगळ्यात आधी सासूबाई: "अरे, माझं कीर्तन अर्ध्यात अडकलंय! बुवा तोंड उघडून थांबलेत!" मग पुण्याहून माझा मुलगा, मग ताईंची जाऊ. साडू प्रत्येकाला उत्साहाने सांगत, "पेटी बसलीये. पाऊस आहे ना!" एरवी पाच मिनिटं पेटी बंद राहिली तर जेवण सोडणारा हा माणूस या वेळी अगदी निवांत होता. दुसऱ्या दिवशी मी चहाची पुडी शोधायला त्यांच्या बाजाराच्या पिशवीत हात घातला, तर आत नवा कोरा अडॅप्टर. आदल्या संध्याकाळीच आणून ठेवलेला. मी पिशवी होती तशी ठेवली. हिशेब लागला होता: डोकी मोजायची नाहीत, पण दार लावलं तर बाहेरून कोण हाक मारतं, ते तर ऐकू येईल!

आणखी दोन दिवस गेले. फोन यायचे थांबले. ज्यांना ओरडायचं होतं ते ओरडून झाले होते. साडू जेवताना भात चिवडत बसले. ताईंनी मुकाट्याने वाढलं, टोमणा मारला नाही, त्यावरून काय ते मी समजलो.

चौथ्या दुपारी ताई आत पडल्या होत्या आणि टेलिफोन वाजला. साडूंनी उचलला.

"हॅलो... कोण?... अगं!" मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. "हो... हो, बंद आहे. अडॅप्टर गेला... नाही, आईला नको उठवायला... हो गं, आजच करतो. आत्ता करतो... बरी आहेस ना?... बरं. बरं."

फोन ठेवल्यावरही हात रिसीव्हरवरच होता.

"काय बघत होती?" माझ्या तोंडून गेलं.

"साडूभाऊ, हे विचारायचं नसतं." मग जरा वेळाने, स्वतःशीच हसत, "चिडलीये. म्हणाली, बाबा, तुमचं कधी काही वेळेवर असतं का?"

जर्मनीत बसून मिळणार नाही असं त्या पेटीत तिच्या लग्नाखेरीज फारसं काय होतं, याचा हिशेब मी मनात केला आणि मनातच ठेवला.

त्यांनी पिशवीतून अडॅप्टर काढला. माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. पेटी घरघरली, हिरवा दिवा लागला, थोडा वेळ स्थिर राहिला आणि मग उघडझाप करू लागला. साडू पाटावर बसले नाहीत. ताईंच्या आरशावरची एक मरून टिकली काढून आणली आणि अंगठ्याने दाबून त्या दिव्यावर लावली.

"आता नको बघायला," म्हणाले.

ती टिकली अजून तिथेच आहे. आता ते सुपारी ओटीवर बसून कातरतात. मी गेलो की लोणचं काढायच्या निमित्ताने कपाट उघडतो. टिकलीच्या कडेने हिरवा उजेड किंचित लुकलुकत असतो. मी बरणी घेतो आणि कपाट लावून घेतो.