माझ्या वाटचा चिंचोका

केसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावरच चिडून बसले होते. आमच्या आकाशाच्या पुस्तकाची शेवटची चार चित्रं तिच्याकडे तीन महिने अडकली होती आणि कधीही विचारलं तरी "आज नाय, उद्या" एवढंच उत्तर मिळायचं. त्या सकाळी पडेगावहून तिच्या भाचीचा, सुनंदाचा फोन आला, तर मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता सुरू झाले, "तुझ्या मावशीला सांग, आता मीच येऊन बसते उशाशी..." पलीकडून सुनंदा म्हणाली, "बाई, मावशी पहाटं गेली." मग म्हणाली, "पर चितरं झालीत. परवाच गठ्ठा बांधून ठिवलाय तिनं. वर तुमचं नाव घातलंय." चिडलेल्या माणसाला असं काही ऐकवू नये. हातातल्या रागाचं काय करायचं तेच कळत नाही.

आज दीड महिना झाला. रडून झालं. आता मला केसरबद्दल सांगायचंय आणि ते सांगताना मी भरभरून बोलणार आहे, कारण तिच्याबद्दल खालच्या आवाजात बोलताच येत नाही. ती पाचोडची, शेतकऱ्याची मुलगी. "निजाम गेला अन् मी आले," असं ती ऐटीत सांगायची, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या सालचा जन्म. चित्रकलेच्या परीक्षा देऊन ती शहरात आली आणि मुलींच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे, तिथेच ड्रॉइंग टीचर झाली. आमचं घराणं कारकुनांचं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची दप्तरं लिहून आमच्याकडे वळणदार अक्षर तेवढं वारशात येतं. ते माझ्याकडेही आलं. त्या अक्षरानं माझं काय केलं, ते पुढे सांगते.

गुलमंडीजवळ एक छोटे प्रकाशक होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं काढायचं त्यांच्या मनात आलं. मजकूर माझा, चित्रं केसरची. मी हौसेनं पहिला पाठ लिहिला. त्यात राजू दुर्बीण लावतो, राजू चंद्र बघतो, राजू प्रश्न विचारतो आणि मीना आश्चर्यानं त्याच्याकडे बघते. केसरनं शिक्षकांच्या खोलीत तो उभ्याउभ्या वाचला आणि विचारलं, "ह्या मीनाचा नंबर कवा यायचा?" मी म्हटलं, नंबर कसला? ती म्हणाली, "दुर्बिणीचा गं. का सकाळ व्हईस्तोवर राजूचं तोंडच बघत बसायचं तिनं?"

मला असा राग आला म्हणता! बीएस्सीला वर्गात एकटी मुलगी होते मी. मला कोण शिकवणार? पण राग ओसरल्यावर, का कोण जाणे, मी तिला एक गोष्ट सांगितली. तोवर ती मी कुणालाच सांगितली नव्हती. कॉलेजच्या गच्चीवर एका संध्याकाळी आमच्या सरांनी दुर्बीण लावली होती, शुक्र दाखवायला. मुलांची रांग लागली. सर मला म्हणाले, तुझं अक्षर छान आहे, तू रीडिंग लिही. मी लिहिली. एकेकानं डोळा लावला, आकडा सांगितला, मी वहीत मांडला. शेवटी माझा नंबर आला तोवर शुक्र पलीकडच्या इमारतीमागे गेला होता आणि सर दुर्बीण गुंडाळत होते. वही मात्र फार सुंदर झाली होती. केसर ऐकून हसली नाही, हळहळलीही नाही. "मंग त्योच पाठ लिव्ह की," म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली. मी पाठ फाडला आणि दुसरा लिहिला.

चिंचोके त्यानंतर आले. पुस्तक मुलांना भावतंय की नाही, हे कसं कळणार? मुलांना विचारलं तर ती बाईंच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. केसरनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पाचोडहून चिंचोके आणले. छापण्याआधी सगळी चित्रं वर्गात जमिनीवर मांडायची. प्रत्येक मुलाला एक चिंचोका. चित्र चांगलं आहे का, हे बघायचं नाही. ज्या चित्रात 'हा मी' किंवा 'ही मी' असं वाटेल त्यावर चिंचोका ठेवायचा. आणि मुलं ठेवत असताना मोठ्या माणसांनी फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं. हेडमास्तर असले तरी. चिंचोका ज्याच्या हातातच राहील त्याच्यासाठी नवं चित्र काढायचं आणि ज्या चित्रावर एकही पडणार नाही ते बाद. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमचं एकही पुस्तक ह्याशिवाय छापखान्यात गेलं नाही.

काय काय कळलं त्यातून! आमच्या पुस्तकातल्या सगळ्या आया स्टोव्हपाशी होत्या आणि सगळे वडील खुर्चीत बसून पेपर वाचत होते. शहरातल्या एका शाळेत एक मुलगा चिंचोका मुठीत घेऊन तसाच जागेवर जाऊन बसला. त्याच्या वडलांचं पंक्चरचं दुकान होतं. केसर दुसऱ्याच दिवशी त्या दुकानात जाऊन बसली, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे कसे शोधतात ते बघत. हवेच्या दाबाचा आमचा पाठ मग तिथूनच सुरू झाला. तो मुलगा नवं चित्र बघून वर्गभर ओरडत फिरला, "ये तो हमारेच दुकान है, बाई! पंप भी वैसाच!" त्या दिवशी आम्ही दोघी रिक्षात शाळकरी पोरींसारख्या हसत होतो. मी एकदा म्हटलं, मलापण दे एक चिंचोका. तिनं डब्याचं झाकण लावलं. "तुझं वय काय, मास्तरीणबाई? पुस्तक लेकरांचं हाय." मला ते थोडं लागलं. गमतीत बोलले होते, तरी लागलं.

आता माझी चूक. पाण्याच्या पुस्तकासाठी आम्ही सोयगावला गेलो होतो. तिथे पाचवीत कुबडी घेऊन चालणारी एक मुलगी आहे, हे मला आधीच कळलं होतं आणि मी मोठ्या शहाणपणानं केसरकडून तसं चित्र काढून घेतलं होतं. एक मुलगा शिडीवर चढून टाकीतलं पाणी काठीनं मोजतोय; खाली ओट्यावर कुबडी बाजूला ठेवून एक मुलगी वहीत आकडे लिहितेय. मी स्वतःवरच खूश होते. आम्ही फळ्याकडून वळलो तर त्या मुलीचा चिंचोका शिडीवरच्या मुलावर. मला वाटलं, चुकली बिचारी. मी नियम मोडला, तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "बाळ, तुझं चित्र हे, खालचं." ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मीच नापास झालेय. "ती बसल्याली हाय. मी बसत नाय. आमच्या टाकीवर मीच चढती, इचारा कुणालाबी."

परतीच्या एसटीत मी केसरशी भांडले. कुबडी घेऊन शिडीवर? उद्या एखादं लेकरू पडलं म्हणजे? "पोरगं चढतंय तवा नाय पडत व्हय?" ती म्हणाली. आणि मग खिडकीबाहेर बघत, अगदी सहज, "तुझ्या हातात वही दिली, तू गप लिवत बसलीस. तिनं नाय घेतली."

आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी ती टेबलावर चित्र ठेवून गेली. मुलगी शिडीच्या वरच्या पायरीवर, काठी टाकीत बुडवलेली, तोंडावर विजय. आणि कुबडी खालच्या पायरीला अडकवलेली, घरी आल्यावर छत्री अडकवावी तशी. इतकं चोख चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. काकांनी छपाईचा ब्लॉक पुन्हा करावा लागला म्हणून खूप कुरकुर केली. शाळा उघडायच्या आधी पुस्तक निघालं नाही ते नाहीच. त्या मुलीचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. मी कधी विचारायलाही गेले नाही, याचं आता वाईट वाटतं.

तर तो गठ्ठा. सुनंदानं चित्रं आणि चिंचोक्यांचा डबा दोन्ही माझ्या हातात दिलं. तीन चित्रं अपेक्षेप्रमाणे झकास. चौथ्यात मात्र एक म्हातारी होती. पदर खोचलेला, एक हात कमरेवर, चष्मा डोक्यावर ढकललेला, चेहरा दुर्बिणीमागे झाकलेला. शेजारी एक जाड मिशांचे गृहस्थ आज्ञाधारकपणे वहीत काहीतरी लिहीत होते. मी वैतागले. मुलांच्या पुस्तकात म्हातारी कशाला? काकांचा मुलगा विजय आता प्रकाशन सांभाळतो. तो म्हणाला, "काकू, मावशींची शेवटची चित्रं आहेत, जशी आहेत तशी छापू. आता बदलणार कोण?" त्याचं चूक नव्हतं. हातात चिंचोका राहिलेलं एखादं मूल निघालं असतं तर त्याच्यासाठी काढणारा हात आता नव्हता. भीती मलाही तीच होती. पण डबा न उघडता तिचं पुस्तक छापायचं, हे मला जमणार नव्हतं.

मागच्या आठवड्यात आम्ही पडेगावच्या शाळेत गेलो. चित्रं मांडली, चिंचोके वाटले आणि मी आणि विजय फळ्याकडे तोंड करून उभे राहिलो. मागे पायांची लगबग, कुजबुज, कुणाचं तरी "सरक की"... वळलो तर एकही मूठ बंद नव्हती! मी चक्क टाळी वाजवली. प्रत्येक चित्रावर चिंचोके, कुठे चार, कुठे ढीगच. फक्त म्हातारीवर एकही नाही. विजय हळूच म्हणाला, "हे नियमानं बाद होतं, काकू."

पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी लगेच उठून उभी राहिली. "त्याच्यावर आमी कसा ठिवणार? ती तर तुमी हायत!"

"कशावरून गं?"

"चष्मा बघा की तुमचा."

माझा हात डोक्याकडे गेला. चष्मा तिथेच होता, नेहमीसारखा. मी चित्राकडे पुन्हा पाहिलं. खोचलेला पदर माझा. कमरेवरचा हात माझा. डोळा दुर्बिणीला, आणि वही दुसऱ्याच्या हातात... तीन महिने "आज नाय, उद्या" करत ती अंथरुणावर हे काढत होती, आणि मी तिला फोनवर रागावत होते.

त्या मुलीनं डबा माझ्यासमोर धरला. मग वर्गाकडे वळून बाईंच्याच थाटात ओरडली, "ए, चला, सगळ्यांनी फळ्याकडं तोंड करा! सर, तुमीबी!" सगळा वर्ग वळला. विजयही वळला. मी डब्यातून एक चिंचोका घेतला, गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसले आणि तो चित्रावर ठेवला.