तिसऱ्या मुळाचा रकाना

शमशाद मुलाणी माझ्या सांगलीच्या दवाखान्यात दातांचे फोटो काढते. शिक्षण बारावी, मशीन चालवायचं प्रशिक्षण सहा महिन्यांचं आणि जिभेला हाड नाही. मी अरिहंत, दातांचा डॉक्टर आणि तिचा मालक. निदान बाहेरच्या पाटीवर तरी नाव माझं आहे.

गेल्या वर्षी मी अक्कलदाढांच्या मुळांचा अभ्यास काढला. सगळ्या बाजूंनी जबडा दाखवणारे तीनशे स्कॅन शमशादनं बघायचे आणि मी छापलेल्या तक्त्यात खूण करायची, एक मूळ की दोन. पुस्तकातल्या चित्रात खालच्या दाढेला एवढीच असतात. आठवड्यात तिनं पेनानं तिसरा रकाना ओढला, तीन मुळांचा. मी भडकलो, बारावी पास बाई मला दाढ शिकवणार का म्हणालो. पुस्तकवाल्यानं आमच्या भागातल्या दाढा बघितल्या नसतील, एवढंच ती बोलली. मी रकाना खोडला. दुसऱ्या दिवशी तो परत तिथंच.

मग धुळा आला. मूळचा विट्याचा, दूर कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात कामाला. जत्रेला गावी आलेला, दाढेनं हैराण, आणि उद्याची गाडी. मी साधा सपाट एक्स-रे बघितला. दोन मुळं, जबड्यातली नस त्यांच्यापासून लांब. दाढ उपटायची म्हणून पकड काढली.

शमशाद दारात उभी राहिली. मुळांमागं सावली दिसते, आधी स्कॅन, असा तिचा हेका. मी ऐकेना तेव्हा तिनं धुळालाच काम काय करतोस ते विचारलं. फुंकणी ओठात धरून सोन्यावर ज्योत सोडायची, दिवसभर, तो म्हणाला. नस दुखावली तर खालचा ओठ बधिर होतो. बधिर ओठाला फुंकणी धरल्याचंही कळत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी मी तिला म्हणालो, बाजूला हो, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

"न्हाई येणार. पर स्कॅन काढल्याबिगर पकड लावू देणार न्हाई, डॉक्टर. ओठ त्येचा हाय, तुमचा न्हाई."

धुळा खुर्चीतून उठला आणि तिच्यामागं गेला. मी रागानं धुमसत तिथंच बसून राहिलो.

पडद्यावर तिसरं मूळ होतं. बारीक, जिभेच्या बाजूला, गळासारखं वाकून नसेत अडकलेलं. मी ओढलं असतं तर नस तुटलीच असती. मी पकड ठेवून दिली. दाढेचा वरचा भाग तेवढा कापला, मुळं हाडातच राहू दिली. टाके पडले आणि धुळाची दुसऱ्या दिवशीची गाडी चुकली.

आठवड्यानं टाके काढायला येताना तो फुंकणी घेऊनच आला. ओठात धरली आणि अशी फुंकर मारली की शमशादच्या टेबलावरचे तक्ते खोलीभर उडाले. ते गोळा करायला मीही वाकलो. लाज वाटत होती, वाकलेलंच बरं होतं. तिसऱ्या रकान्यात एकोणीस खुणा होत्या. मी म्हणालो, शोधनिबंधात शेवटी आभार मानताना तुझं नाव घालतो.

तिनं पहिलं पान माझ्यासमोर धरलं. अभ्यास करणाऱ्यांत तिनं आपलं नाव आधीच लिहिलं होतं, माझ्या नावाच्या वर.

"सही करा," ती म्हणाली, "तुमच्यासाठी खाली जागा ठेवलीया."

मी खाली सही केली.