उरलेली गाडी

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. म्हसवडजवळच्या माळावर पोरांच्या मोटारींच्या शर्यती तो भरवतो. गाड्याही तोच बनवतो, जुन्या मोटारींची इंजिनं घालून. वर छप्पर नाही, चारही चाकं बाहेर उघडी. सगळ्या शर्यती एकाच रविवारी उरकतो, म्हणजे शाळा बुडत नाही आणि मुक्कामाचा खर्च वाचून गरिबाच्या पोरांनाही उतरता येतं. माझी नात उतरली म्हणून मी गेले.

तो प्रत्येक गाडीपाशी उकिडवा बसून चाक हलवून बघत होता आणि दर वेळी तळहाताचा घाम विजारीला पुसत होता. कोणाला कोणती गाडी, ते चिठ्ठ्या उचलून ठरणार होतं. मी त्याला गाठलं.

"माझ्या नातीला चांगली दे रं बाबा. स्वस्तातली गाडी, मोडली म्हंजी?"

"समद्या सारख्याच हायत, आज्जी."

"समदे असंच म्हणत्यात."

त्यानं हेल्मेट घातलेल्या एका पोरीकडं बोट केलं. "ती माझी लेक. समद्यांनी उचलून जी उरंल, ती तिची."

हे मला पटलं. माझ्या दिरांची जमीन अशीच वाटली होती. ज्यानं तुकडे पाडले, त्यानं आपला तुकडा शेवटी घेतला. मी जाऊन बसले.

गाड्या सुटल्या. पहिल्याच वळणावर त्याची लेक आणि माझी नात, दोघी धुरळ्यात दिसेनाशा झाल्या. तो माझ्याजवळच उभा होता. त्यानं डोळे गच्च मिटून घेतले होते. ते बघितल्यावर मला माझे मिटता येईनात. दोघींकडं कोणीतरी बघायला हवं होतं.