यादीतला युरोप

आमचं पहिलं भांडण स्वित्झर्लंडवरून झालं. मी येरमाळ्याजवळच्या वाशीला, आमच्या घराच्या वरच्या खोलीत. ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो जर्मनीत. आणि मध्ये हिशोबाचा एक तक्ता, जो दोघांनाही आपापल्या स्क्रीनवर दिसायचा आणि दोघांनाही त्यात लिहिता यायचं. त्यात त्यानं एक ओळ टाकली होती: स्वित्झर्लंडच्या रस्त्यांचं टोल स्टिकर, चाळीस फ्रँक. मी शोधून पाहिलं, तर ते स्टिकर वर्षभराचंच मिळतं. आम्ही तिथून जाणार एक दिवस. मी त्या ओळीच्या शेजारी लिहिलं, "एका दिवसासाठी वर्षाचे पैसे का?" त्यानं लिहिलं, "डोंगर बघायचेत." मी लिहिलं, "डोंगर ऑस्ट्रियातही आहेत." दोन दिवस त्यानं तक्ता उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी ओळ गायब होती आणि खाली लिहिलं होतं, "ठीक. ऑस्ट्रिया. पण तू फार कडक आहेस."

मी एकटीच हसले. तोपर्यंत आम्ही एकमेकांना एकदाच पाहिलं होतं, येरमाळ्याला त्याच्या घरी, अकरा माणसांच्या समोर. पासपोर्टच्या कागदांसाठी म्हणून आमचे नंबर दिले-घेतले गेले. फोनवर आम्हाला दोघांनाही बोलता येत नव्हतं. तो "जेवलीस का" म्हणायचा, मी "हो" म्हणायचे, आणि मग इकडचा पंखा तेवढा ऐकू यायचा. एकदा त्यानं विचारलं, "लग्नानंतर तू इकडं आलीस की भाड्यानं गाडी घेऊन पंधरा दिवस फिरू. ऑस्ट्रिया, इटली, दक्षिण फ्रान्स आणि परत. किती लागतील, बघशील का?"

हे मला जमण्यासारखं होतं. मी इंग्लिश मीडियमची म्हणून नातेवाइकांना वाटतं की मला बोलता येतं. मला बोलता येत नाही. बारीक अक्षरातल्या अटी वाचता येतात. कामाचा लॅपटॉप बंद केला की रोज संध्याकाळी मी तासभर त्या रस्त्यांवर असायचे. गाडीचं भाडं दिसतं कमी, पण पूर्ण विमा घेतला की जवळजवळ दुप्पट होतं. गाडी घेतली त्याच शहरात परत दिली नाही, तर वेगळे पैसे. इटलीत आणि फ्रान्समध्ये टोल अंतराप्रमाणे. शहरात हॉटेल स्वस्त मिळालं तरी गाडी उभी करायला रात्रीचे वीस-पंचवीस युरो, म्हणून हॉटेल गावाबाहेर बघायचं. तो जेवणाचे पैसे कमी करायचा, पण समुद्राकाठचे दोन दिवस कमी करू द्यायचा नाही. एक ओळ त्यानं स्वतःच घातली होती: "रस्ता चुकला तर, शंभर युरो." ती ओळ मी कितीतरी वेळ बघत बसले होते. रस्ता चुकणार हे आधीच धरून चालणारा माणूस मला बरा वाटला.

शेवटी दोन रकाने केले. गाडी, पेट्रोल, टोल, पार्किंग त्याच्याकडं. माझं विमानाचं तिकीट आणि जेवणखाण माझ्याकडं. हॉटेलं अर्धी-अर्धी. एकूण चार लाख अठरा हजार. त्यातले एक लाख बहात्तर हजार माझे. दोन वर्षं मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतेय, तो पगार बँकेत पडून होता. घरी मी यातलं काहीच सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नाही. माझ्या एकटीचं असं तेवढंच होतं.

मग यादीचा दिवस आला. लग्न ठरलं की आमच्याकडं दोन्हीकडची मोठी माणसं बसतात आणि कुणी काय करायचं ते कागदावर उतरवून त्याच्यावर सह्या करतात. त्याचे वडील नाहीत, म्हणून त्याच्याकडून बोलायला भूमचे मामा आले होते. सोबत त्याची आई आणि चार-पाच माणसं. लिहायला आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी. तो सुटीवर येऊ शकत नव्हता, म्हणून मामांनी त्याला व्हिडिओ कॉल लावून फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. यादीच्या वेळी मुलगी आत असते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, पडद्याआड, चहाचे कप मांडत होते.

गुरुजींनी कागदाच्या चार कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं, मध्ये उभी रेघ मारली. एका बाजूला वरपक्ष, एका बाजूला वधूपक्ष. प्रत्येक ओळ लिहून झाली की ते मोठ्यानं वाचायचे. मांडव आणि जेवण, वधूपक्ष. वाजंत्री, वरपक्ष. कपडे ज्याचे त्याचे. सगळं सुरळीत चाललं होतं. हुंडा हा शब्द कुणीच काढला नाही.

"आमाला काय बी नको, पाव्हणं," मामा म्हणाले. "फकस्त पोरांची हौस तेवढी बघा. लग्न झालं की दोघं तिकडं गाडीनं फिरणार हायत. युरोप. तेवढं तुमच्याकडं."

"फिरूं द्या की," पप्पा म्हणाले. "किती खर्च येतो त्याला?"

"चार लाख अठरा हजार."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला.

वाशीत पप्पांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लग्नासाठी त्यांनी किती काढून ठेवलंय हे मला माहीत होतं, आणि मांडव-जेवणाचं नुकतंच लिहून झालं होतं.

"एवढं?" पप्पा म्हणाले.

"आवो, आमचा आकडा न्हाय ह्यो!" मामा हसले. "तुमच्याच लेकीनं काढलाय. पेट्रोल, टोल, गाडी उभी करायचं भाडं, समदं पै-पै लावून. इंग्लिश मीडियमला घातलं ते काय उगं हाय का?"

"गाडी उभी करायला बी पैसं?" त्यांच्यातल्या कुणीतरी विचारलं. "मंग चालतीच ठिवा म्हणावं." सगळे हसले. त्याची आई मनापासून म्हणाली, "लई हुशार हाय बाई. पोरगं दोन दिवस तेच सांगत व्हतं. मलाच कौतुक वाटलं म्हणून म्या दादाला बोलले."

आत माझी आई माझ्याकडं बघत होती. "तू काढलास?" तिनं अगदी हळू विचारलं. मी मान हलवली. तिनं दुसरं काही विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

पडद्याच्या फटीतून मला फोन दिसत होता. त्याच्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तो काहीतरी म्हणत होता, पण आवाज बारीक होता, आणि मामा फोनकडं न बघताच म्हणाले, "थांब रं जरा."

पप्पांनी तळहात गुडघ्यावरून दोनदा फिरवला. "लेकीनं काढलाय तर बरोबरच आसंल. लिवा, गुर्जी."

त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. तो मऊ होता, आणि तो ऐकून मला कळलं की त्यांना काय वाटतंय. त्यांना वाटलं, हे मलाच हवंय. बापाकडं तोंडानं मागता येईना, म्हणून मी आकडा काढून मुलाकडच्यांच्या तोंडून पाठवला. लहानपणी सहलीचे पैसे हवे असले की मी शाळेची चिठ्ठी त्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवून निघून जायचे. तसंच काहीतरी ते समजले होते. गुरुजी लिहायला लागले होते. "युरोप प्रवास, गाडीने," ते वाचत होते, "रुपये चार लाख अठरा हजार..."

मी पडदा सारून बाहेर आले.

मला आधी इंग्रजीत सुचतं. घाबरले की मराठी पुस्तकातल्यासारखी येते. "गुरुजी, थांबा," मी म्हणाले. सगळ्यांनी वर बघितलं. "तो आकडा माझाच आहे. पण त्यात पप्पांचे पैसे नाहीत. एक लाख बहात्तर हजार माझ्या पगारातले आणि उरलेले त्यांच्या पगारातले. आमचं तसं ठरलं आहे."

पैशांपेक्षा "ठरलं" हा शब्द खोलीत जास्त जोरानं पडला. आईनं पदर सावरला.

"ठरलंय?" मामा म्हणाले. "कधी ठरलं? मंग आमी हितं काय भजी खायला आलोय व्हय?"

मामा पप्पांकडं वळले.

"आन् लेकीचा पगार म्हंजे बापाचाच की. खिसा तर एकच."

"एक नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"बघा, पाव्हणं. लई तेज हाय तुमचं इंग्लिश मीडियम." मग मामांनी तांब्याजवळचा फोन उचलून तोंडासमोर धरला. "काय रं? खरं हाय का हे?"

आता सगळे फोनकडं बघत होते. मीही. तो नाही म्हणाला, किंवा तसंच काही नव्हतं म्हणाला, तर मी इथं, या माणसांत, खोटी ठरणार होते. आणि पप्पा पैसे देणार होते, तेही मान खाली घालून.

"मामा, आकडा मी आईला सहज सांगितला होता," तो म्हणाला.

"ते न्हाय इचारलं. ठरलंय का न्हाय?"

त्यानं खाली बघितलं. मीही अशीच खाली बघते, त्यामुळं आत काय चाललं असेल ते मला कळत होतं, आणि तरीही मला त्याचा राग येत होता. बोल ना, मी मनात म्हणत होते. एक शब्द.

त्याचे ओठ हलले.

"काय म्हणला?" गुरुजींनी कानामागं हात धरला.

त्याच्या आईनं पुढं वाकून मोठ्यानं सांगितलं, "ठरलंय म्हणतोय." आणि भावाकडं बघून, "ठरलंय तर ऱ्हाऊं द्या की, दादा. त्यांचा प्रवास, त्यांचं त्यांनी."

मामांनी फोन परत तांब्याला टेकवला. "खोडा मंग ती ओळ," ते म्हणाले.

"कुंकू लागलेल्या कागदावर म्या खाडाखोड करत न्हाय," गुरुजी म्हणाले. "आजपत्तूर केली न्हाय." दोन्ही रकान्यांत ती ओळ बसत नव्हती. मग त्यांनी पट्टी ठेवून उजवीकडं, अगदी कडेला, तिसरी उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, "मुलगा व मुलगी." वधूपक्षाकडं अर्धी लिहिलेली ओळ बाणानं तिकडं नेली. मामा म्हणाले, "असली यादी म्या आजून बघितली न्हाय." गुरुजी म्हणाले, "म्या तरी कुठं बघितली?"

सह्या झाल्या. मामांनी, पप्पांनी आपापल्या रकान्याखाली केल्या. तिसऱ्या रकान्याखाली गुरुजींनी मला सही करायला सांगितलं. मला इंग्रजीतच सही येते, तीच केली. तिच्या शेजारची जागा मोकळी राहिली. फोनवरून सही होत नाही.

पाहुणे चहा घेऊन गेले. मामांनी घेतला नाही, उपवास आहे म्हणाले. गाडी वळल्यावर पप्पा अंगणातच उभे राहिले.

"मला वाटलं तुला पायजे आन् मागता येईना," ते म्हणाले.

"म्हणूनच बाहेर आले."

"म्या दिलं आसतं."

"माहीत आहे."

"चारचौघांत बोललीस." ते एवढंच म्हणाले आणि दुकानाकडं गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी बरोबर होते असं मला वाटत होतं, पण ताट वाढताना मी त्यांच्याकडं बघत नव्हते. त्यांना काहीतरी द्यायचं होतं आणि मी ते सगळ्यांसमोर परत केलं होतं, हेही खरंच होतं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "मी आधीच बोलायला हवं होतं." काही नाही, ठीक आहे, असं लिहायची मला सवय आहे. मी ते लिहिलं, पुसलं, आणि "हो" एवढंच पाठवलं.

लग्न आता दोन महिन्यांवर आलंय. तो पुढच्या आठवड्यात सुटीवर येतोय. येरमाळ्याला उतरून आधी आमच्याकडं येणार आहे. यादी कपाटात आहे. काल मी पप्पांना विचारलं, तो आला की कागद लगेच काढून सहीसाठी त्याच्यापुढं ठेवायचा का.

पप्पा बिलं लावत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"थांब," ते म्हणाले. "मागूं दे त्याला."