तेवीस किलोमीटर, दर रविवारी

असलं काही मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गावात कुणाच्या अंगात आलं असं कुणी सांगितलं की मी हसायचे आणि आई डोळे वटारायची... आजही 'भूत' हा शब्द मला लिहवत नाही. जे पाहिलं तेवढंच सांगते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर वळसंगला, सोलापूरहून अक्कलकोटला जाणाऱ्या रस्त्यावर. घराला लागून पत्र्याचं शेड आहे. माझे वडील – अण्णा – दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, पण जीव सगळा त्या शेडमध्ये. सोबतीला त्यांचे मित्र शिवप्पा काका, ते वायरमन. दोघांनी मिळून भंगारातल्या तीन गाड्यांची एक स्कूटर उभी केली होती. इंजिन एकीचं, हँडल दुसरीचं, सीट तिसरीची. आई म्हणायची, "ह्या दोघास्नी गाडी चालवायची हौस न्हाय, उघडायची हाय."

काका म्हणायचे, "वयनी, उघडल्याबिगर आत काय हाय ते कसं कळंल?"

"मग एकदा तुमचं डोस्कं उघडून बघा की!"

मी सोलापूरला मुलींच्या होस्टेलवर राहते. अण्णा दर रविवारी त्याच स्कूटरवर डबा घेऊन यायचे. दहाला घरून निघायचे, पावणेअकराला गेटवर. बरोबर तेवीस किलोमीटर. आत यायला परवानगी नाही, म्हणून गेटजवळच्या कडुनिंबाखाली अर्धा तास बोलायचो आणि ते परत जायचे.

गेल्या जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी मी त्यांना म्हणाले, "अण्णा, तुम्ही एसटीनं येत जा ना. गाडीचा आवाज किती येतो... सगळ्या मुली खिडकीत येऊन हसतात."

ते हसले. म्हणाले, "आवाज कमी करू की. त्यात काय?"

त्याच संध्याकाळी त्यांनी स्कूटर उघडली. आणि गुरुवारी ट्रॅक्टर चालवतानाच त्यांच्या छातीत दुखायला लागलं... दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

स्कूटर तशीच राहिली. इंजिन पोत्यावर, चाकं भिंतीला टेकलेली. शेडची कडी नऊ महिने कुणी काढली नाही. मला मात्र रोज वाटायचं – ती गाडी मी उघडायला लावली. मी तसं बोलले नसते तर... यापुढे मला विचार करता यायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी काकांना म्हणाले की आपण ती जोडू या. अण्णांची एक पद्धत होती. कुठलीही गाडी उघडली की एका पुठ्ठ्यावर तारीख, मीटरचा आकडा आणि काय-काय काढलं ते लिहायचे आणि पुठ्ठा सुट्या भागांबरोबर ठेवायचे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो पुठ्ठा सापडला. त्यावर त्यांच्या अक्षरात ३१४१२. डब्यात त्याच्याखाली गाडीचं काढलेलं मीटर होतं. त्यावर ३३२५२.

"काका, अण्णांनी चुकीचा आकडा लिहिलाय."

काकांनी चष्मा लावून दोन्ही पाहिलं. "अण्णा जेवायचं इसरंल, पण आकडा चुकायचा न्हाय."

फरक अठराशे चाळीस. मला सवय आहे, मी सहज भागाकार करून पाहिला. जाऊन-येऊन सेहेचाळीस. बरोबर चाळीस वेळा. मग कॅलेंडर काढलं आणि अण्णा गेल्यापासूनचे रविवार मोजले... चाळीस.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. आधी वाटलं, कुणीतरी खोड्या केल्या असतील. पण चाकापासून येणाऱ्या केबलशिवाय मीटर फिरवायचं कसं? काकांनी त्यांचं ड्रिल मशीन लावून पाहिलं. बराच वेळ घरघर करून एक किलोमीटर सरकलं. "एवढा रिकामा येळ कुणाला हाय?" ते म्हणाले आणि मशीनची वायर गुंडाळायला लागले.

रविवारी सकाळी मी ते मीटर स्वच्छ पुसून शेडमधल्या स्टुलावर ठेवलं. केबलची जागा रिकामी. आई आणि काका माझ्या दोन्ही बाजूंना. खरं सांगते, दहाला पाच कमी असताना मला स्वतःचीच लाज वाटत होती.

दहा वाजता काटा हलला.

हळूहळू पस्तिसावर गेला, चाळिसावर स्थिर झाला. शेवटचा लाल आकडा फिरायला लागला. आवाज काहीच नाही. तेरा किलोमीटर झाल्यावर काटा एकदम दहावर आला, पुन्हा वर गेला, पुन्हा दहावर. काका कुजबुजले, "कुंभारीचे स्पीडब्रेकर..."

आई तोंडाला पदर लावून बसली होती.

पावणेअकराला, तेवीस पूर्ण झाल्यावर, काटा शून्यावर आला आणि थांबला. मला वाटलं, संपलं. मी हुश्श केलं. तेवढ्यात आई म्हणाली, "आरते... तितं पोचले की गं ते. आन तू हितं."

त्या वाक्यानं मला जे झालं ते मला लिहिता येणार नाही. चाळीसातले बहुतेक रविवार मी होस्टेलमध्येच होते. गेटपासून पन्नास पावलांवर, खोलीत. अण्णा नाहीत म्हणून रविवारी खालीच उतरत नव्हते. आणि आज कळलं, तेव्हा मी तेवीस किलोमीटर लांब बसले होते.

अर्ध्या तासानं काटा पुन्हा हलला. परतीचे तेवीस झाले आणि मीटर शांत झालं.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या एसटीनं सोलापूरला गेले. होस्टेल सुट्टीमुळे बंद होतं, गेटवर फक्त वॉचमन मामा. घरी आई मीटरसमोर, फोन चालू. पावणेअकराला ती म्हणाली, "थांबलं बघ आत्ता."

रस्ता रिकामा होता. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. वारा, वास, पावलं – काहीही नाही. लोक असल्या अनुभवात सांगतात तसलं एकही चिन्ह नाही. तरी मी झाडाखाली जाऊन उभी राहिले.

"कुणाची वाट बघताय ताई? सुट्टी हाय की," मामा म्हणाले.

"वडील यायचेत," मी म्हणाले. खोटं बोलतेय असं वाटलं नाही.

मग मी हळू आवाजात बोलत राहिले. सेकंड इयरला किती मार्क पडले ते सांगितलं. आई बरी आहे म्हणाले. शेवटी सांगितलं – अण्णा, गाडीचा आवाज मला आवडायचा. खरंच. तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा आणि मी जिना उतरायला लागायचे. मुली हसल्या म्हणून मी तसं बोलले. माझी चूक झाली.

मधूनमधून आईला विचारत होते. "अजून थांबलंय," ती सांगायची. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. बारा वाजले तरी थांबलेलंच. आणि मला एकदम आईची आठवण झाली. ती तिकडे एकटीच, मीटरकडे बघत बसलेली. मी म्हणाले, "अण्णा, निघा आता. आई वाट बघतेय."

फोनवर आई म्हणाली, "हललं."

"किती झालं? काटा कुठंय?"

"ठेव गं आता फोन," ती म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता, लग्नाआधीच्या मुलीसारखा. "मला केस इंचरू दे. येतीलच ते."

तिनं फोन ठेवला.

पुढच्या पाऊण तासात घरी काय झालं ते आईनं सांगितलेलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालेलं नाही. संध्याकाळी मी पोचले तेव्हा शेड झाडलेलं होतं आणि स्टुलाशेजारी चहाचे दोन कप होते. दोन्ही रिकामे. मीटर तेवीस किलोमीटर पुढे जाऊन थांबलेलं.

त्यानंतर ते कधीच हललं नाही. काकांनी, मी, सगळ्यांनी रविवारमागून रविवार पाहिलं. आई एवढंच म्हणते, "हलायचं कशाला आता? घरी आलेत की."

माझ्या एका सरांना विचारलं. ते म्हणाले, जुन्या मीटरमधल्या स्प्रिंगचा ताण सुटत असेल. असेल. पण स्प्रिंगला रविवार कसा कळतो, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मला तर नाहीच. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. ते थांबले होते... सव्वा तास झाला तरी थांबले होते. निघा, असं मीच म्हणाले.